न्यूझीलंडला चाललोय, पहिली रायफल कोणती घ्यावी? (पूर्ण नवशिका, इंदूर)

राजेंद्रनगरकर, इंदूर

नमस्कार मंडळी. वय २६, महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकलो. फेब्रुवारीत न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, कँटरबरी भागात, मेंढ्या आणि गुरांच्या एका मोठ्या फार्मवर नोकरीला चाललोय. परवा मालकाशी व्हिडिओवर बोलणं झालं. ससे आणि वॉलबी (लहान कांगारूसारखी जनावरं) गवत फस्त करतात, डोंगरावरून हरणं उतरतात, तेव्हा लायसन मिळालं की स्वतःची एक रायफल घेऊन टाक, असं ते म्हणाले. कोणती, ते माझ्यावर सोडलंय.

बंदुकीशी माझा संबंध एवढाच, की आजोबांची .३१५ रायफल होती आणि खंडेनवमीला तिला हळदकुंकू वाहायचं काम माझ्याकडे असायचं. आजोबा गेल्यावर ती जमा झाली. तीच वारसाहक्काने नावावर करून तिकडे नेता येईल का, असाही विचार मनात येतो.

महिनाभर व्हिडिओ बघतोय आणि डोकं भणाणलंय. काडतुसांचेच किती प्रकार: .२२३, .२४३, ६.५ क्रीडमूर, .३०८, ३०-०६, .३०० मॅग्नम. प्रत्येक जण आपलीच खरी म्हणतो. मला सशापासून मोठ्या हरणापर्यंत सगळ्याला चालेल अशी एकच घ्यायची आहे, कारण सुरुवातीला दोन घेण्याइतके पैसे नसतील. उंची पाच फूट पाच इंच, वजन ५८ किलो, चष्मा आहे.

आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. तरी आईने जायला हो म्हटलं, पण एका अटीवर: जनावर तडफडता कामा नये. ती अट मला पाळायची आहे. कृपया अनुभवी लोकांनी सांगावं.

लांबपल्ला, वडोदरा

सरळ .३०० विंचेस्टर मॅग्नम घे. १९६३ पासून जगभर चालते, सशापासून सांबरापर्यंत काहीही उभं राहणार नाही. डोंगरात लांबून मारावं लागतं, तिथे ताकद हवीच. आज लहान घेशील तर दोन वर्षांनी विकून हीच घ्यावी लागेल. पैसे एकदाच घाल.

निवृत्त सुभेदार, महू

बाळा, मी इन्फंट्रीत २६ वर्षं काढली, त्यातली बरीच रिक्रूटांना फायरिंग शिकवण्यात गेली. शिकारी मी नाही. पण नवा माणूस पहिल्यांदा रायफल खांद्याला लावतो तेव्हा काय होतं, ते हजारो वेळा जवळून पाहिलंय, त्या बळावर लिहितो. आणि तुझ्या आईची अट वाचली म्हणून लिहितो, नाहीतर या विषयावर मी बोलत नाही.

वडोदऱ्याच्या भाऊंचा सल्ला मनापासून आहे, पण तो तुझ्यासाठी नाही. सांगतो का.

रिक्रूट पहिले दोन-चार राउंड चांगले मारतो, कारण त्याला धक्का माहीत नसतो. मग खांदा शेकतो, कानात शिट्टी वाजते आणि शरीर शिकून घेतं: घोडा दाबला की मार बसतो. त्यानंतर त्याचा हात गोळी सुटायच्या आधीच रायफल खाली ढकलतो, डोळा मिटतो. त्याला स्वतःला हे कळतच नाही. आम्ही काय करायचो, मॅगझिनमध्ये त्याच्या नकळत मध्येच एक डमी राउंड भरायचो. घोडा दाबला, गोळी सुटलीच नाही, आणि नळीचं तोंड मात्र वीतभर खाली! सगळ्यांसमोर दिसायचं. चांगले धट्टेकट्टे पहिलवान या रोगात अडकलेले पाहिलेत, आणि एकदा लागलेली ही खोड काढायला महिने जातात. .३०० मॅग्नमचा धक्का .३०८ च्या दीडपटीच्या घरात आहे. ५८ किलोच्या नवख्या मुलाला ती देणं म्हणजे ती खोड पैसे देऊन विकत घेणं.

आता गोळी. .३०८ विंचेस्टर १९५२ ची. आमची फौजेतली एसएलआर रायफल जी ७.६२ ची गोळी मारायची, तिचंच हे नागरी भावंड. साधारण ९.७ ग्रॅमची, म्हणजे १५० ग्रेनची बुलेट सेकंदाला साडेआठशे मीटरच्या आसपास वेगाने निघते. हरणाला ती पुरून उरते. तिच्याच काडतुसाच्या पितळी पुंगळीची मान आवळून .२४३ आणि ७ एमएम-०८ झाल्या, दोन्हींचा धक्का तिच्याहून कमी, .२४३ चा तर बराच कमी. या तिघींपैकी कोणतीही घे, चूक होणार नाही. मला विचारशील तर ७ एमएम-०८ किंवा .३०८. दोन्हींत तुझ्या खांद्याला मानवेल ती. एक ध्यानात ठेव: एसएलआर चार किलोहून जड होती आणि सुटलेल्या गोळीच्या गॅसवर आपोआप पुढची गोळी भरायची, म्हणून तिचा धक्का सोसायचा. तीच गोळी तीन किलोच्या, दर गोळीला हाताने दांडी ओढायच्या बोल्ट रायफलीतून मारली की जोरात लागते. दुकानात हलकी रायफल हातात छान वाटते, खांद्याला नाही.

आजोबांच्या .३१५ चा विचार सोड. इंग्रजांच्या राज्यात .३०३ ही फौजेची गोळी, नागरिकांना तिची मनाई. म्हणून ऑस्ट्रियाच्या जुन्या ८ एमएम मॅनलिखर काडतुसाची .३१५ आपल्याकडे रुळली, आणि पुढे ईशापूरच्या कारखान्याने त्या रायफली घरोघर पोचवल्या. भारताबाहेर तिची काडतुसं शोधत फिरावं लागेल. वारसाहक्काने नावावर जरूर करून घे, ती घरात राहू दे. खंडेनवमीला हळदकुंकू वाहायला कोणीतरी हवंच.

खरी गोष्ट पुढे आहे. रायफल अंगाला बसली पाहिजे, जसा सदरा बसतो. दस्ता, म्हणजे खांद्याला लागणारा मागचा भाग, कोपराच्या खोबणीत टेकव, हात काटकोनात. तर्जनीचं पहिलं पेर घोड्यावर सहज पोचलं पाहिजे. ताणावं लागलं तर दस्ता लांब आहे. तुझ्या उंचीला बऱ्याच रायफलींचा दस्ता लांब पडेल, म्हणून आखूड दस्त्याचं मॉडेल माग, किंवा दुकानदाराकडून दस्ता कापून घे. मग डोळे मिट, रायफल खांद्याला लाव, गाल टेकव आणि डोळे उघड. रायफलीवरच्या दुर्बिणीत पूर्ण गोल उजेड दिसला तर ती तुझी. काळी चंद्रकोर दिसली तर दुसरी बघ. चष्मा आहे म्हणतोस, तर दुर्बीण डोळ्यापासून निदान साडेतीन इंच लांब राहिली पाहिजे, नाहीतर धक्क्याने चष्म्याची कडा भुवईत घुसते. मी टाके पडलेले पाहिलेत.

आणि जायच्या आधी एक काम इथेच कर. घरातल्या दाराच्या कडीकडे बघत दोन्ही हात पुढे कर, तळव्यांत लहान त्रिकोण करून त्यातून कडी बघ. आधी दोन्ही डोळे उघडे, मग एक एक मिटून. ज्या डोळ्याने कडी त्रिकोणात राहते तो तुझा मालक डोळा. उजवा असेल तर ठीक. डावा निघाला तर इथे येऊन सांग, घाबरू नको.

सराव इंदुरातच सुरू होऊ शकतो. २०१६ च्या आर्म्स रूल्सनुसार .१७७ बोअरची आणि २० जूलपर्यंतची एअर रायफल लायसनशिवाय घेता येते. दहा मीटरवर रोज चाळीस छर्रे मार, पण गच्चीवर नको, शेजारी माणसं राहतात. फौजेत आम्ही नेम धरण्याला शिस्त म्हणतो, "शिस्त लो" हाच हुकूम. जुन्या मराठीतही तोच अर्थ होता. तिकडे रायफल हाती आली की नळीवर पाच रुपयांचं नाणं ठेवून रिकाम्या रायफलीचा घोडा दाब. नाणं पडता कामा नये. शंभर वेळा पडलं नाही, की मग काडतुसाला हात लाव.

आईची अट पाळायची तर एक हिशेब कर. हरणाच्या छातीतली जी जागा लागली की ते जागीच किंवा थोड्या अंतरात कोसळतं, ती साधारण वीतभर, म्हणजे आपल्याकडे पोहे देतात ना, त्या कागदी प्लेटीएवढी. तिकडे रेंजवर तीच प्लेट लाव. उभ्याने मार, गुडघा टेकून मार, बसून मार, पिशवीवर टेकवून मार. ज्या अंतरावर तुझ्या पाचच्या पाच गोळ्या प्लेटीत पडतात, तेवढंच तुझं अंतर. ते ८० मीटर असेल तर ८० च. व्हिडिओतला माणूस पाचशे मीटर म्हणतो म्हणून तुझं पाचशे होत नाही.

हे एवढं कळकळीने लिहितो कारण रजेवर गेलो असताना एकदा एक रोजडा, म्हणजे नीलगाय, पाहिला होता. कोणीतरी बारा बोरची मारून त्याचा जबडा फोडला होता. चार दिवस तो विहिरीजवळ उभा राहायचा. पाणी दिसत होतं, पिता येत नव्हतं. ज्याने मारलं त्याची बंदूक लहान नव्हती. त्याचा नेम लहान होता.

ग्वाल्हेरची लेक, सध्या साउथ कँटरबरी

सुभेदार काकांना नमस्कार. तुमचं वाचताना माझी पहिली रायफल आठवली. मी लष्करात वाढले, म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात. आता सात वर्षं इथे फार्मवर आहे आणि घरातलं मांस बहुतेक मीच आणते.

राजेंद्रनगरकर, ऐक. पहिल्या वर्षी मी दुकानदाराच्या सांगण्यावरून हीच .३०० मॅग्नम घेतली होती. उंची माझी तुझ्याएवढीच. तीन हरणं चुकली, चौथ्याला मागच्या पायाला लागली. काळोख पडेपर्यंत मी आणि शेजारी त्याच्या मागे फिरलो, दुसऱ्या दिवशी सकाळी सापडलं. ती रात्र मी झोपले नाही. महिन्याभरात रायफल विकली आणि ७ एमएम-०८ मधली टिक्का कंपनीची रायफल घेतली. आजही तीच आहे.

आता इथल्या गोष्टी. लायसन आधी, रायफल नंतर. लेखी परीक्षा, प्रत्यक्ष सुरक्षेचा वर्ग, तुला ओळखणाऱ्या दोघांच्या मुलाखती, आणि घरी येऊन तिजोरी बघतात. पहिलं लायसन ५ वर्षांचं. काडतुसंसुद्धा लायसनशिवाय मिळत नाहीत. जून २०२३ पासून बंदुकांची नोंदवहीही सुरू झाली आहे. पण लायसन यायच्या आधी लायसनधारकाच्या थेट देखरेखीखाली तू गोळी मारू शकतोस, म्हणून मालकाला सांग, तुमची .३०८ दहा वेळा मारू द्या. शेजाऱ्याची .२४३ माग. फार्मवरचे लोक या बाबतीत मोकळे असतात. दुकानात पाय ठेवण्यापूर्वी तुझ्या खांद्याला उत्तर माहीत असेल.

एकच रायफल सगळ्याला, हे मात्र डोक्यातून काढ. ससा .३०८ ने मारलास तर हातात काही उरत नाही, आणि काडतुसाचा खर्च वेगळा. सशांसाठी .२२ लागते आणि ती बहुतेक फार्मवर असतेच, मालकाची वापरता येते का ते विचार. तुझे पैसे हरणाच्या रायफलीत घाल. वॉलबीला ती थोडी जास्त होते, पण चालते.

इथे सप्रेसर, म्हणजे नळीवर लावायचं आवाज दाबणारं नळकांडं, कायदेशीर आहे, जवळजवळ सगळे लावतात. कान वाचतात आणि धक्काही बराच कमी होतो. काका, तुमच्या रिक्रूटांना हा मिळाला असता तर! म्हणून नळीच्या तोंडाला आटे पाडलेली रायफल घे, आणि नळी २० इंचांच्या आसपास, कारण सप्रेसर लावल्यावर ती काटेरी झुडपात अडकते. स्टेनलेस घे. माझ्या मैत्रिणीची निळसर पॉलिशची सुंदर रायफल होती, पावसाळी आठवड्यात बोल्टवर तांबूस ठिपके आले. टिक्का फिनलंडची, होवा जपानची. होवा थोडी जड, म्हणून खांद्याला सोपी. टिक्काचा बोल्ट लोण्यासारखा सरकतो. दोन्ही चांगल्या. दुर्बीण ३-९ गुणिले ४० (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी, ४० मिलिमीटर भिंगाची) पुरे. शंभर मीटरवर शून्य कर, म्हणजे नेम धरशील तिथेच गोळी पडेल अशी दुर्बीण जुळव. दुर्बिणीच्या चकतीचा पाव मिनिटाचा (हे मिनिट कोनाचं माप) एक क्लिक म्हणजे तिथे गोळी साधारण ७ मिलिमीटर सरकते. शंभरला शून्य केलेली .३०८ दोनशे मीटरवर चार इंच खाली, तीनशेवर सव्वा फुटाहून जास्त खाली पडते. प्लेट आठवतेय ना? दोनशेला प्लेटीच्या काठावर, तीनशेला बाहेर.

सरकारी संवर्धन क्षेत्रात जायचं तर परवाना काढावा लागतो, तो फुकट मिळतो. मार्चच्या शेवटी आणि एप्रिलमध्ये लाल हरणाचे नर डरकाळतात, तेव्हा जंगलात माणसंही जास्त असतात. तेव्हाच चुकीच्या गोळ्या सुटतात. झुडूप हललं म्हणून कधीही मारायचं नाही. पूर्ण जनावर दिसलं पाहिजे, तेही शंकेला जागा न ठेवता. मी नारिंगी जॅकेट घालते, तूही घाल.

एक गंमत वाटेल तुला. डोंगरात वर थार आहे, आपल्या हिमालयातला, १९०४ मध्ये माउंट कुकजवळ आणून सोडलेला. उत्तर बेटावर सांबरसुद्धा आहे. इथे या सगळ्या परक्या जनावरांना मूळ शिकारी प्राणी नाही, झाडंझुडपं संपवतात, म्हणून माणसाने संख्या आवरायची. तुझ्या आईला हे सांग. मी माझ्या आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, मग नीट मार.

देवास रोडचा शेतकरी

मध्येच विचारतो, माफ करा. आमच्या सोयाबीनमध्ये रोजड्यांचा कळप रात्री उतरतो, एका रात्रीत अर्धा बिघा साफ. अशी .३०८ इथे लायसनवर घेतली आणि शेतात मारलं तर चालेल का?

निवृत्त सुभेदार, महू

नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो, ती हातात आल्याशिवाय गोळी मारायची नाही, स्वतःच्या शेतातही नाही. आधी वनविभागाकडे नुकसानीचा अर्ज टाका, पंचनामा करून घ्या. कुंपणासाठी स्वतंत्र धागा काढा, सौरऊर्जेच्या झटक्याच्या तारेबद्दल मला थोडं माहीत आहे, तिथे सांगतो.

लांबपल्ला, वडोदरा

ताई, काका, मान्य. मी स्वतः रेंजवर टेबलावर टेकवून मारतो, डोंगर चढून दम लागलेला असताना कधी मारलं नाही. नवख्याच्या दृष्टीने विचार केला नव्हता.

राजेंद्रनगरकर, इंदूर

काका, ताई, दोघांचं तीनदा वाचलं. आईला मोठ्याने वाचून दाखवलं. रोजड्याचं आलं तिथे ती उठून आत गेली, पण नंतर परत येऊन म्हणाली, पुढचं वाच.

दाराच्या कडीचं केलं. पाच वेळा केलं. डावा डोळा निघाला. मी सगळं उजव्या हाताने करतो. आता काय करू?

काल विमानतळाकडे काम होतं तेव्हा बिजासन टेकडीजवळून जाताना सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्र प्रशिक्षण शाळेची पाटी दिसली. लहानपणापासून त्या रस्त्याने जातोय, आतून फायरिंगचा आवाज यायचा, पण कधी लक्ष दिलं नव्हतं. काल गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ ऐकत बसलो. एक एक गोळी सुटायची, मध्ये बराच वेळ शांत. मला वाटायचं फायरिंग म्हणजे धडाधड.

निवृत्त सुभेदार, महू

ती मधली शांतता म्हणजेच फायरिंग. श्वास, शिस्त, घोडा, आणि गोळी सुटल्यावरही गाल न उचलणं.

डावा डोळा निघाला तर दोन वाटा. दुर्बिणीने मारताना डावा डोळा मिटून उजव्या खांद्यावरून चालवता येतं, बरेच जण चालवतात. पण तुला जुनी सवय काहीच नाही, मोडायचंही काही नाही. म्हणून आधी डाव्या खांद्याने शिकून बघ. पहिले चार दिवस हात परक्याचा वाटेल, आठवड्याने वाटणार नाही. जमलं तर तिकडे डाव्या बोल्टची रायफल माग, टिक्कामध्ये मिळते. आणि दस्ता मोजताना डाव्या कोपराने मोज. नाही जमलं तर उजव्यावर परत ये, काही बिघडत नाही.

एअर रायफल विकत घेण्याची घाई करू नको. माझ्याकडे आहे. मानपूरच्या वाटेवर आमचं छोटं शेत आहे, मागे मातीचा उंच बांध आहे, दहा मीटर मोजून ठेवलेत. रविवारी सकाळी सात वाजता ये, ऊन वर यायच्या आत. चष्मा पुसायचं फडकं आण आणि येताना पोह्याच्या प्लेटींचं एक पाकीट घे. त्या दहा मीटरला फार मोठ्या पडतील, त्यांच्या मध्यभागी आपण पाच रुपयांच्या नाण्याभोवती पेन्सिल फिरवून गोल काढू.

ग्वाल्हेरची लेक, सध्या साउथ कँटरबरी

काका, पहिल्या दिवसाचा ग्रुप, म्हणजे छर्ऱ्यांचा घोळका, किती इंचाचा आला ते इथे लिहा. आणि राजेंद्रनगरकर, ती प्लेट टाकू नको. इकडे बॅगेत घालून आण.